उणे विलंब

१

टेपवाल्याच्या कॉम्प्युटरला तो बनवणाऱ्या कंपनीनेच वाऱ्यावर सोडलं होतं. नव्या सुधारणा येणं केव्हाच बंद झालं होतं. ‘यापुढे काही झालं तर आम्ही जबाबदार नाही’ अशा अर्थाचा निरोप पडद्याच्या कोपऱ्यात रोज यायचा, पण ऐकणारा ऐकतच नाही म्हटल्यावर तोही यायचा थांबला. टेपवाल्याला त्याचं काही वाटलं नाही. लोक त्याला टेपवाला म्हणत ते उगीच नव्हे. जगातून रेकॉर्डिंगची टेप गेली तेव्हा तिची शेपटी धरून शेवटपर्यंत बसलेला माणूस हाच. जुनी वस्तू टाकायची म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं.

या खेपेला मात्र हट्टाला कारण होतं. माइकमधला आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा त्याचा जो डबा होता, तो बनवणारी कंपनी बुडाली होती, आणि डबा फक्त त्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमशीच बोलायचा. नवी सिस्टिम टाकली की डबा मुका. त्या डब्यातून माणसाचा आवाज जसा येतो तसा दुसऱ्या कशातूनही येत नाही, असं टेपवाल्याचं मत होतं. मत कसलं, श्रद्धाच ती.

घोडं अडलं ते धाकटीच्या गाण्यांपाशी. धाकटी म्हणजे त्याची बहीण. जन्मभर दुसऱ्यांच्या मागे कोरसमध्ये उभी राहून गायली, आणि आता कुठे तिच्या स्वतःच्या गाण्यांचा संच निघत होता. त्यातच तिच्या स्वरतंतूवर गाठ निघाली. सर्जन सरळ माणूस होता. म्हणाला, “गाठ काढावीच लागेल. आवाज परत येईल, पण कुठला येईल ते मी सांगू शकत नाही.” शस्त्रक्रियेची तारीख ठरली. त्याच्या आत सगळी गाणी रेकॉर्ड करून घ्यायची होती, कारण पुढचं कोणी पाहिलंय? आणि नेमका संगीत संयोजकाने वाद्यांचा भाग पाठवला तो अगदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये बांधून. टेपवाल्याचं जुनं सॉफ्टवेअर त्याच्याकडे ढुंकूनही पाहीना.

“मग नवीन टाक ना,” संयोजक फोनवर म्हणाला. “जग कुठे गेलं आणि तू कुठे बसलायस!”

टेपवाला नवीन टाकायला गेला, तर सॉफ्टवेअर उंबऱ्यावरूनच परत फिरलं. तुमची सिस्टिम फार जुनी आहे, म्हणालं. आता हा माणूस तसा साधा, पण आपल्या कामापुरता लबाड. सिस्टिम आपलं वय एका छोट्याशा फाइलमध्ये लिहून ठेवते, हे त्याला ठाऊक होतं. त्याने ती फाइल उघडली, त्यातले जुने आकडे खोडले आणि नव्या सिस्टिमचे आकडे घातले. लग्न जमवताना वय चोरतात, तसलाच प्रकार. सॉफ्टवेअरने पुन्हा चौकशी केली, कॉम्प्युटरने बेधडक खोटं सांगितलं, आणि सॉफ्टवेअर आत आलं.

२

त्याचा स्टुडिओ म्हणजे घराला चिकटून असलेलं गाडीचं जुनं गॅरेज. मध्ये काचेची भिंत घालून त्याचे दोन भाग केलेले. आतल्या खोलीत गाणारा आणि माइक, बाहेरच्या खोलीत टेपवाला, त्याचा डबा आणि त्याचा सतत हलणारा गुडघा. भिंतींना गाद्या ठोकलेल्या. तरी स्वयंपाकघर पलीकडेच असल्याने भांड्याकुंड्यांचा आवाज थोडाफार झिरपायचाच.

पहिल्या गाण्याला बसण्याआधी त्याने विलंब मोजला. आवाज माइकमध्ये शिरतो, डब्यातून जातो, कॉम्प्युटरपर्यंत पोचतो, यात पापणी लवण्याइतका उशीर होतोच. तो किती होतो ते सॉफ्टवेअर मोजतं आणि तेवढं रेकॉर्डिंग मागे ओढून तालात बसवतं. नेहमीचं काम. चौकटीत आकडा आला, आणि आकड्याच्या डावीकडे उणेचं चिन्ह.

टेपवाल्याने पुन्हा मोजलं. पुन्हा उणे.

“काय झालं, दादा?” धाकटीने आतून विचारलं. शेवटच्या काही दिवसांत तिच्या बोलण्याला वाळूसारखी खरखर आली होती, पण गायला लागली की ती कुठे जायची देव जाणे.

“काही नाही. हे म्हणतंय की आवाज निघायच्या आधीच इथे पोचतोय.”

“म्हणजे मी गायच्या आधीच माझं गाणं तुझ्याकडे आलं? छान झालं. मी जाऊन झोपते.”

“गप गा.”

तो हसला खरा, पण त्याला आवडलं नाही. कॉम्प्युटरने वयाबद्दल खोटं सांगितलेलं, मग सॉफ्टवेअरचा हिशेब कुठेतरी चुकणारच, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. दिसण्यातली चूक असणार. गाणं झालं. धाकटी सुरेख गायली. ऐकायला लावलं, तर कडव्याच्या मध्यावर, तिच्या आवाजाच्या खाली, दाराची बेल वाजली. लांबलचक, चिडून दाबल्यासारखी.

टेपवाला उठून दाराशी जाऊन आला. कोणी नव्हतं. गाताना बेल वाजल्याचं दोघांपैकी कोणालाही आठवत नव्हतं.

३

दुपारी वहिनी, म्हणजे टेपवाल्याची बायको, बाहेरून आली ती एका कुरिअरवाल्याला बरोबर घेऊनच.

“अहो, हे केव्हाचे दारात उभे आहेत. बेल ऐकू येत नाही का तुम्हाला?”

“काका, बोट दुखायला लागलं माझं,” कुरिअरवाला म्हणाला. “बेल दाबतोय, दाबतोय, आत मात्र चिडीचूप. ताई आल्या म्हणून बरं, मी निघालोच होतो.”

टेपवाल्याने त्याच्या हातातलं खोकं घेतलं आणि बेल दाबून पाहिली. ती व्यवस्थित वाजली.

“घ्या! आता वाजतेय,” कुरिअरवाला म्हणाला. “आमच्याच नशिबी हे.” सही घेऊन तो तणतणत निघून गेला.

टेपवाल्याने बेलचं झाकण काढलं, तारा आवळल्या, झाकण लावलं. मग पुन्हा काढलं. वायर कुठेही सैल नव्हती. वहिनी म्हणाली, “पुरे आता, वाजतेय ना?” वाजत होती, आणि तोच तर त्याचा त्रास होता. सकाळच्या रेकॉर्डिंगमधली ती लांबलचक, चिडलेली बेल त्याने पुन्हा लावून ऐकली. कोणीतरी बोट दुखेपर्यंत दाबत होतं.

४

सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्यांतला तो नव्हता. एकदा झालं ते योगायोगात मोडतं, असं म्हणून त्याने दुसरं गाणं घेतलं. त्यात धातूचं काहीतरी फरशीवर पडून गरगरत राहिल्याचा आवाज आला. हळूहळू जवळ जवळ येत जाणारे खणखण ठोके, आणि मग शांत. वहिनी तेव्हा घरात नव्हती. स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं तर सगळी भांडी जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी जेवताना वहिनीच्या हातून पातेल्याचं झाकण सुटलं. टेपवाल्याने ते पडताना पाहिलं. फरशीवर आपटलं, उभं राहिलं, कडेवर गरगर फिरलं, फिरता फिरता बसत गेलं आणि थांबलं. सगळ्या प्रकारात चिंधी पडावी इतकाही आवाज झाला नाही.

“बघितलंत?” वहिनीने झाकण उचललं. “पडलं तरी हूं नाही की चूं नाही. चांगल्या दुकानातून आणलं की असं असतं.”

टेपवाल्याचा घास हातातच राहिला. त्याच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. कान गेले म्हणावं तर वहिनीचं बोलणं त्याला लख्ख ऐकू येत होतं. त्याने चमचा ताटावर आपटून पाहिला. खण्ण वाजला.

“आता काय झालं?” वहिनीने विचारलं.

“काही नाही.”

हल्ली या घरात ‘काही नाही’ फार वेळा म्हटलं जाऊ लागलं होतं.

जेवण झाल्यावर तो स्टुडिओत गेला. आतली खोली रिकामी होती. त्याने माइक चालू ठेवून नुसती रिकामी खोली रेकॉर्ड केली आणि हेडफोन लावून ऐकली. बराच वेळ काही नाही. मग आतल्या खोलीची खुर्ची करकरली. मग कोणीतरी शिंकलं, आणि ती शिंक त्याचीच होती. बापाकडून आलेली, शेजाऱ्यांना दचकवणारी.

संध्याकाळी आतल्या खोलीतला माइकचा दांडा नीट करायला तो त्या खुर्चीवर बसला. खुर्ची करकरली नाही. गादीतल्या धुळीने नाक हुळहुळलं, त्याने दाबायचा फार प्रयत्न केला, आणि शिंक आलीच. डोळ्यांत पाणी आलं, डोकं हललं, पण खोलीत काही उमटलं नाही. पुस्तकातलं पान फाडून नेल्यावर जशी फक्त कड उरते, तशी नुसती शिंकेची खूण त्याच्या छातीत राहिली.

जो आवाज आधी रेकॉर्डिंगमध्ये येतो, तो वेळेवर येत नाही. वाक्य त्याच्या डोक्यात सरळ उभं राहिलं आणि त्याने ते लगेच पाडलं. असं कुठे असतं का? माणसाला झोप कमी मिळाली की असले विचार येतात. विलंबाच्या चौकटीतला उणे आकडा मात्र वाढला होता. काल तीन अंकी होता, आज चौकटीत मावत नव्हता.

त्याने तिथेच थांबायला हवं होतं. पण सॉफ्टवेअर काढलं तर वाद्यं उघडत नव्हती, दुसऱ्या स्टुडिओत जावं तर धाकटी परक्या खोलीत मोकळी होत नसे, आणि तारीख तर दाराशी येऊन बसलेली. दोनच गाणी राहिली होती. इतकं झालं, तेवढंही होऊन जाईल, असं म्हणून त्याने डोळ्यांवर कातडं ओढलं. आणि धाकटीला एका शब्दाने काही सांगितलं नाही.

५

पण धाकटी कुठली गप्प बसायला? शेवटच्या गाण्याचं रेकॉर्डिंग दोघं ऐकत होती. गाणं संपलं, वाद्यं विरली, आणि हेडफोनमध्ये धाकटीचा आवाज म्हणाला, “दादा, हे मी कुठे म्हटलं?”

धाकटीने हेडफोन खाली ओढले. “दादा, हे मी कुठे...” तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. ती थबकली, घसा खाकरला, आणि खाकरणं मात्र ऐकू आलं.

“घसा बसला,” ती म्हणाली. मग तिने गळ्यातल्या हेडफोनकडे पाहिलं. लहानपणापासून तिचं डोकं दादापेक्षा दोन पावलं पुढे चालायचं. “दादा. हे पुढचं आहे ना? हे यंत्र पुढचं ऐकतंय.”

“जुनी सिस्टिम आहे. काहीतरी घोळ...”

“माझ्या डोळ्यांत बघून सांग.”

त्याला ते कधीच जमलं नव्हतं. त्याने बेलचं सांगितलं, झाकणाचं सांगितलं, शिंकेचं सांगितलं. म्हणजे ते आधी ऐकू आलं, एवढंच सांगितलं. नंतर ते ऐकू आलं नाही, हा अर्धा भाग त्याच्या ओठांपर्यंत आला आणि मागे फिरला. घसा बसला असं तीच म्हणाली होती. बसला असेल.

धाकटी पायाच्या अंगठ्याने फरशी टोकरत बसली. मग म्हणाली, “किती पुढचं ऐकतं रे हे?”

“आता बरंच. वाढत चाललंय.”

“पुढच्या महिन्यातलं?”

टेपवाल्याला ती कुठे निघाली आहे ते कळलं. “नाही म्हणजे नाही,” तो म्हणाला.

“मी काय मागितलंय तुझ्याकडे आजवर? परवा माझा गळा कापणार आहेत. उठले की माझ्या तोंडून काय निघेल ते सर्जनलासुद्धा माहीत नाही. आणि इथे, या खोलीत, माहीत होऊ शकतं. दादा, मला रात्रभर झोप नाही रे. आवाज जाणार असेल तर जाऊ दे, मी रडेन आणि मोकळी होईन. हे असं टांगून राहणं नको. तू माझ्या जागी असतास तर?”

तो तिच्या जागी असता तर त्याने न विचारताच ऐकलं असतं. हे तिला ठाऊक होतं, म्हणून तर तिने विचारलं.

“ऐकून काय बदलणार आहे?”

“काही नाही. म्हणूनच तर ऐकू दे.”

त्याला भीती वाटत होती. पण खरं सांगायचं तर त्याला त्याहून जास्त ते ऐकायचं होतं. त्याने आतला माइक चालू केला, दार ओढून घेतलं, आणि रिकामी खोली रेकॉर्ड व्हायला लागली.

६

रेकॉर्डिंग चालूच ठेवून ऐकायला बसले तेव्हा दुपारचं ऊन काचेवर आलं होतं. बराच वेळ नुसती खोली. तिलाही एक आवाज असतो, गाद्यांचा, भिंतींचा, थोडासा उबदार. मग आतलं दार उघडलं. पावलं. हेडफोनच्या वायरची सळसळ. आणि टेपवाल्याचा स्वतःचा आवाज, थोडा लांबून, “हळू घे हं. जोर लावू नकोस.”

धाकटीने त्याचा हात धरला.

गाणं सुरू झालं. हा आवाज धाकटीचाच होता, पण कोरसमध्ये मागे उभ्या राहणाऱ्या धाकटीचा नव्हता. खरखर गेली होती. सूर असा मोकळा लागत होता, की इतकी वर्षं तो कुठे कोंडला होता असं वाटावं. टेपवाल्याने जन्मभर आवाज ऐकण्याचंच काम केलं होतं. त्याचे डोळे भरून आले. आणि भरल्या डोळ्यांनीच त्याला लख्ख दिसलं, की आपण काय करतोय. हे गाणं इथे आलं. म्हणजे ते तिथे नसणार.

त्याचा हात बटणाकडे गेला.

“थांबवू नकोस!” धाकटी रडत होती, हसत होती. “दादा, थांबवू नकोस रे, हा माझा आवाज आहे!”

त्याने थांबवलं नाही. कडव्यामागून कडवं तो ऐकत राहिला. कोणी भित्रा म्हणेल, कोणी बहीणवेडा म्हणेल, दोन्ही खरंच. तिचा उजळलेला चेहरा पाहून त्याला ते बंद करवलं नाही. गाणं संपल्यावर मात्र त्याने झटकन रेकॉर्डिंग थांबवलं, पडदा बंद केला आणि डब्यावर कापड टाकलं.

“आता पुन्हा हे लावायचं नाही,” तो म्हणाला.

“नाही लावणार,” धाकटी म्हणाली. इतक्या सहज, की त्याने तेव्हाच ओळखायला हवं होतं.

हॉस्पिटलला निघायच्या सकाळी सगळे गाडीत बसले, तेव्हा ती म्हणाली, “थांबा, पाण्याची बाटली राहिली,” आणि परत आत गेली. यायला तिला जरा वेळ लागला.

७

शस्त्रक्रिया छान झाली. घरी सोडण्याआधी सर्जनने तिला एकदाच ‘आ’ करायला लावलं. धाकटीने केलं. आवाज निघाला. बारीक, कोवळा, नुकत्याच उभ्या राहिलेल्या वासरासारखा लटपटता, पण स्वच्छ. टेपवाल्याच्या जिवात जीव आला. काही काही हरवलं नव्हतं! आपण उगीच जीव टांगणीला लावला होता.

“आता काही दिवस मौन,” सर्जन म्हणाला. “कुजबुजायचंही नाही. मग घरच्या घरी हळूहळू बोलायला लागा.”

धाकटी दादाच्याच घरी राहिली. खुणा करायची, पाटीवर लिहायची, वहिनीशी हातवारे करून भांडायची. टेपवाल्याने स्टुडिओचं दार बंदच ठेवलं होतं. त्या बाजूला जायचीच त्याला इच्छा होत नव्हती.

पण त्याला चैन पडत नव्हती. पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं ते नळाचं. पाणी बादलीत पडत होतं आणि ऐकू येत नव्हतं. मग कपाटाची कडी. मग शेजारच्यांचं कुत्रं, कुंपणाशी उभं राहून तोंड उघडत मिटत होतं. सगळंच गेलं होतं असं नाही. मध्येच भांडं वाजायचं, मध्येच वहिनीचं आख्खं वाक्य ऐकू यायचं, आणि त्याला वाटायचं, झालं, आलं सगळं ताळ्यावर. मग ती पुढचं वाक्य बोलायची आणि नुसते ओठ दिसायचे.

“धाकटी मौनात,” वहिनी एकदा म्हणाली, “आणि घरही तिच्या जोडीला मौनात बसलंय. मी हाका मारून थकते, तुम्ही ओ देत नाही. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन या.”

तो गेला. डॉक्टरकडे त्याला घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू आली. कान ठणठणीत होते. परत येताना रस्ताभर गाड्या, माणसं, दुकानांची शटरं, सगळ्यांचा कलकलाट त्याने तहानेल्यासारखा ऐकला. फाटक ढकलून आत आला आणि ते मागे बंद झालं तेव्हा त्याला वळून पाहावं लागलं, खरंच बंद झालं का ते.

यंत्र तर बंद होतं. पडदा त्याने स्वतःच्या हाताने बंद केला होता. घरभर येरझाऱ्या घालताना तो स्वतःला हेच बजावत होता. आणि मग मध्येच तो उभा राहिला. पडदा बंद केला होता. कॉम्प्युटर नव्हे. तरी त्या दाराला हात लावायला तो धजला नाही.

८

मौन संपायच्या सकाळी वहिनी बाजारात गेली होती. धाकटी खिडकीशी बसली होती. तिने दादाकडे पाहिलं, मोठ्या समारंभाने श्वास घेतला, आणि बोलली.

तिच्या गळ्याची शीर हलली. ओठांनी ‘दादा’चा आकार घेतला. खोलीत काहीही आलं नाही.

“जोर लावू नकोस,” टेपवाला म्हणाला. निदान त्याने म्हटलं. त्याचेही शब्द कुठे पोचले नाहीत.

त्याला वाटलं होतं ती कोसळेल. पण धाकटी घाबरलीच नाही. ती उठली, त्याचा हात धरला आणि लहानपणी गंमत दाखवायला न्यायची तशी त्याला स्टुडिओत घेऊन गेली. तिने डब्यावरचं कापड काढलं. डब्यावर लाल दिवा जळत होता. तिने पडदा चालू केला, तर त्यावर रेकॉर्डिंगची पट्टी सरकत होती. हॉस्पिटलला निघाले त्या सकाळपासून सरकत असणार. विलंबाच्या चौकटीत आता आकडाच नव्हता, नुसतं उणेचं चिन्ह.

तिने एक हेडफोन त्याच्या कानांवर बसवला, दुसरा स्वतःच्या.

ती गात होती. कुठल्या दिवशीची, कुठल्या वर्षीची, कोण सांगणार? सर्जनसमोरच्या त्या लटपटत्या ‘आ’चा मागमूस नव्हता. आवाज भरत गेला होता, पिकत गेला होता. मध्येच ती हसत होती, मध्येच टेपवाल्याचाच आवाज ‘वा!’ म्हणत होता, मध्येच वहिनी चहाला हाका मारत होती. अख्खं आयुष्य त्या डब्यात येऊन पडत होतं, आणि जेवढं पडत होतं तेवढं इथून जात होतं.

टेपवाल्याने तिचा दंड धरला आणि बाहेरच्या रस्त्याकडे बोट केलं. चल. बाहेर चल. तिथे आवाज आहे, तुझाही आहे, मी ऐकलाय. ती समजली. तिने गळ्याशी हात नेऊन त्या बारीक ‘आ’ची नक्कल केली आणि तोंड वाकडं केलं. मग हेडफोनवर बोट टेकवलं आणि छातीवर हात ठेवला. हा माझा.

तो बटणाकडे झेपावला. दादावर जिने कधी हात उगारला नव्हता, तिने त्याचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं. तिच्या हातांत एवढी ताकद असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. तो ओरडला. आपण ओरडतोय हे त्याला फक्त घशाच्या जळजळीवरून कळलं. तिने तर डोळेही मिटले होते. त्याचं मनगट तसंच घट्ट धरून ती मानेने ताल देत होती.

मग हेडफोनमधलं गाणं थांबलं.

दार ठोठावल्याचा आवाज आला. जाड, गादीतून आल्यासारखा. “अहो! दोघं आत आहात ना? दार उघडा की.” वहिनी होती. थोडा वेळ गेला. पुन्हा ठोके, आता दोन्ही हातांनी. “अहो, किती वेळ झाला! धाकटे, तू तरी उघड. ऐकू येतंय का कोणाला? अहो!” मग तिचा आवाज दारापासून दूर गेला, फाटकाकडे, आणि चिरकला. “या हो कोणीतरी! दार तोडावं लागेल!”

टेपवाल्याने मान वळवून दाराकडे पाहिलं. दार शांत होतं. हे अजून व्हायचं होतं, की आत्ता, या घटकेला, पलीकडे चाललंच होतं, हे कळायला त्याला काही मार्ग नव्हता. ते दार लाकडी, चांगलं जाड, त्याने स्वतः बसवून घेतलेलं. त्याचा लोखंडी अडसर सरकवला की खटकन असा वाजायचा, की स्वयंपाकघरात वहिनी दचकायची.

अडसर आतून लावलेला होता. तो लागल्याचं त्याला ऐकूच आलं नव्हतं.